रोजची एक गोळी

लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डला सिस्टर म्हणून मला तेरा वर्षं झाली. एक केस काही केल्या डोक्यातून जात नाही, ती आज लिहून काढते.

बीडकडचा सहा वर्षांचा मुलगा, एएलएल म्हणजे ब्लड कॅन्सरचा एक प्रकार. अवघड टप्पे सगळे पार करून मेंटेनन्सला आला होता, म्हणजे घरी राहून रोज रात्री ६-एमपी (मर्कॅप्टोप्युरिन) या कॅन्सरच्या औषधाची ५० मिलिग्रॅमची एक गोळी आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे दुसरं औषध. इथपर्यंत आलं की आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो, केस परत यायला लागतात, शाळेचं बोलणं सुरू होतं. आणि तिसऱ्याच आठवड्यात वडील त्याला खांद्यावर टाकून घेऊन आले, ताप १०३, तोंडभर फोड, पाणीसुद्धा गिळेना. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आली तर पांढऱ्या पेशी फक्त ४००, खरं तर हजारांत हव्यात.

कल्चर पाठवलं, अँटिबायोटिक लावलं, आणि ते करता करताच मी वडिलांना सगळ्यांसमोर बोलले, गोळ्या जास्त दिल्यात का, रोजची आणि आठवड्याची गोळी उलटीपालटी झाली का? असं झालेलं मी आधी पाहिलंय म्हणून बोलले, पण बोलले ते चुकलंच. ते म्हणाले, "एक बी गोळी जास्त गेली नाही ओ सिस्टर," आणि पिशवीतून घरचं कॅलेंडर काढलं. प्रत्येक तारखेवर निळ्या पेनाने गोल, मेथोट्रेक्सेटच्या वाराला दोन गोल, रिकाम्या स्ट्रिपा रबर लावून सोबत. मी मोजल्या. बरोबर होत्या.

मग आईने त्याची टोपी काढली. "आलेलं केस पुन्हा गेलं, आठ दिवसात, उशी भरून." मेंटेनन्सला केस येतात, असे सगळे जात नाहीत. मी तशीच डॉक्टर मॅडमकडे गेले, त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, ६-एमपी बंद करा, टीपीएमटी आणि एनयूडीटी-१५ दोन्ही जीन टेस्ट पाठवा. हे औषध शरीरात निकामी करणारी ही दोन एन्झाइम, त्यांच्या जीनमध्ये बदल आहे का ते यात कळतं. त्याला रक्त चढवलेलं होतं, त्यामुळे टीपीएमटीची एन्झाइम टेस्ट करून उपयोग नव्हता, ती लाल पेशींवर होते आणि दुसऱ्याच्या पेशी मोजल्या जातात. जीन टेस्टला ती अडचण नाही.

रिपोर्ट आला, टीपीएमटी नॉर्मल, एनयूडीटी-१५ च्या दोन्ही प्रती बदललेल्या. ६-एमपीचं शरीरात जे जहाल रूप बनतं ते निकामी करायचं काम एनयूडीटी-१५ हे एन्झाइम करतं, ते चाललं नाही की औषध पेशींच्या डीएनएत घुसत राहतं आणि बोनमॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज, बसतो. जुन्या पुस्तकांत टीपीएमटीच सापडतं, एनयूडीटी-१५ चा शोध २०१४ मध्ये कोरियात लागला आणि आपल्या आशियाई लोकांत हा बदल युरोपीय लोकांपेक्षा कितीतरी जास्त आहे. एवढंसं रक्त लागतं. ही टेस्ट पहिली गोळी द्यायच्या आधी व्हायला पाहिजे, सगळ्यांची, हे मी आता प्रत्येक मीटिंगला बोलते.

वडिलांनी पहिलं हेच विचारलं, "माझ्याकडून आलं का हे?" मॅडमनी समजावलं, एक प्रत आईकडून एक वडिलांकडून, तुम्हा दोघांना काही त्रास नाही, कुणाची चूक नाही.

अठरा दिवसांनी काउंट वर आले तेव्हा औषध परत सुरू केलं, पाव गोळी, एक दिवसाआड. रोजच्या एका गोळीच्या जागी आठवड्याची मिळून एक गोळीसुद्धा होत नाही, आणि या मुलासाठी तेवढाच पुरा डोस आहे. हातमोजे घालून कटरने गोळीचे चार भाग कसे करायचे ते मी त्यांना दाखवलं, त्यांनी दोनदा माझ्यासमोर करून दाखवलं. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं, अझाथायोप्रिन पण द्यायचं झालं तर आधी हा रिपोर्ट बघा, कारण ते याच घराण्यातलं औषध.

मग मी त्यांची माफी मागितली, सगळ्यांसमोर बोलले होते म्हणून सगळ्यांसमोरच. ते म्हणाले, "असू द्या सिस्टर, आता पुढची तारीख सांगा," आणि कॅलेंडर उघडून एक घर सोडून एक असे पाव पाव गोल काढायला बसले.