जपान, पण सावकाश गाडीनं

आमच्या विश्रामबागेतल्या सकाळच्या फिरायच्या कंपूत सगळे एकच विचारतात, जपानला काय काय बघितलं, आणि मी म्हणतो कागद करताना बघितला, सोन्याचा वर्ख ठोकताना बघितला. मग दोन मिनिटं कुणी बोलत नाही. अहो पण टोकियोचा टॉवर? फुजी? फुजी ढगात होता हो, त्याला आम्ही काय करणार.

मुद्दा असा की साठी उलटलेल्या माणसानं आठवड्याभरात टोकियो, क्योटो, ओसाका, हिरोशिमा उरकायच्या भानगडीत पडूच नये असं माझं स्पष्ट मत झालंय. पहाटे बॅगा बाहेर ठेवा, बसमध्ये डोकी मोजा, देवळापुढं वीस मिनिटं, चला चला चला. त्यापेक्षा नकाशावर एक रेल्वेची लाईन धरायची आणि तिच्यावरच्या दोन-तीन गावांत मुक्काम टाकायचा. जपानी लोकांनाही हे पटलेलं होतं बरं का, त्यांच्या सरकारी रेल्वेनं १९८१ साली नवरा-बायकोसाठी एक पास काढला होता, अट एवढीच की दोघांच्या वयाची बेरीज ८८ किंवा त्याहून जास्त पाहिजे, आणि वर प्रवास ग्रीन कारमधनं म्हणजे आपल्या भाषेत फर्स्ट क्लासनं. आता तो पास बंद झालाय, नाहीतर बेरजेत आम्ही कधीच पास होतो.

परदेशी लोकांचा जो जेआर पास आहे, म्हणजे जपानच्या रेल्वेनं ठरावीक दिवस हवं तेवढं फिरायचा, त्याबद्दल जरा बोलतो कारण सगळे डोळे झाकून तोच घ्यायला सांगतात. २०२३ च्या ऑक्टोबरात सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरनं एकदम ५०,००० वर गेला. रोज लांब पल्ला मारणार असाल तरच परवडतो. टोकियो ते कानाझावा शिनकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, तिकीट साधारण १४ हजार येन, पुढं आम्ही चार-चार दिवस एकाच गावात बसून, तर पास कशाला हवा. सुटी तिकिटं काढली.

कानाझावाला शिनकान्सेन २०१५ मध्ये पोचली, त्याआधी हे गाव तसं आडवाटेलाच. जपानातला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख इथंच होतो. जाडी मिलिमीटरचा दहा हजारावा भाग! वर्ख बांबूच्या चिमट्यानं उचलायचा आणि बारीक फुंकर मारून सपाट करायचा, आमच्या हिनं करून बघितलं तर तो चुरगळून बोटाला चिकटला, म्हणजे तेवढं सोनं हिच्या अंगावर चढलंच. आणि ठोकताना वर्खाच्या मध्ये जे कागद घालतात ते वापरून झाले की बायका चेहऱ्यावरचं तेल टिपायला घेतात, काही म्हणजे काही वाया घालवत नाहीत. सोनं लावलेलं आईस्क्रीमही मिळतं. चव आईस्क्रीमचीच.

मला खरं वेड लावलं ते एचिझेन भागातल्या हातकागदानं. कानाझावाहून लोकल गाड्या बदलत ताकेफू स्टेशन, तिथून बस. (मार्च २०२४ ला शिनकान्सेन त्सुरुगापर्यंत वाढली तेव्हापासून जुनी लाईन स्थानिक कंपन्यांकडं गेलीय, ताकेफूला उतरायचं तर जेआर पास तिथं चालत नाही, हेही पास न घ्यायचं एक कारण.) गावात कागदाच्या देवीचं देऊळ आहे. भातशेतीला जागा अपुरी म्हणून देवीनं येऊन गावाला कागद करायला शिकवलं अशी कथा सांगतात. तुतीच्या कुळातल्या कोझो झाडाची साल उकडून, कुटून तिचे तंतू पाण्याच्या हौदात सोडतात आणि त्यात एका झाडाच्या मुळांचा बुळबुळीत चीक मिसळतात, म्हणजे तंतू तळाला बसत नाहीत आणि चौकटीतनं पाणी हळूहळू गळतं. हे झाड म्हणे आपल्या भेंडीच्याच कुळातलं! मी तिथंच हसायला लागलो. गुऱ्हाळावर काहिलीत रानभेंडीचा रस टाकून मळी काढताना लहानपणापासून बघितलेलं, तोच चीक इथं कागदाला. उष्ण हवेत त्याचा चिकटपणा जातो म्हणून हिवाळ्यातला कागद चांगला समजतात, आणि बाया बर्फासारख्या पाण्यात हात घालून उभ्या असतात. चौकट पुढंमागं, मग आडवी हलवायची. बघायला सोपं वाटतं, माझा कागद एका बाजूला पापड आणि दुसऱ्या बाजूला भाकरी झाला.

तिथून तोयामामार्गे ताकायामा. ही हिदा एक्सप्रेस डोंगरातनं नदीला धरून जाते, खिडकी सोडवत नाही. हिदा भागात एवढे तरबेज सुतार होते की आठव्या शतकात दरबारानं त्यांचे काही कर माफ करून त्याबदल्यात देवळं-महाल बांधायला माणसंच मागवली. तिथली शुन्केई लाख, म्हणजे लाकडी वस्तूंवर चढवायचं रोगण, तेही तसंच, पारदर्शक, खालच्या लाकडाचे रेषे दिसले पाहिजेत. मला लगेच मिरजेची तंतुवाद्यांची गल्ली आठवली. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, झकास झालं, पण आपल्यातल्या किती जणांनी घरी आलेल्या पाहुण्याला सतारीचा भोपळा कसा कोरतात ते दाखवायला नेलंय? जपाननं १९७४ साली कायदा करून दोनशेच्या वर हस्तकलांना मान्यता दिलीय, आणि शाळेच्या सहली एचिझेनला कागद करायला येतात हे मी डोळ्यांनी बघितलं.

खाण्याचं मात्र अवघड आहे. बिनमांसाचं म्हणून आणलेल्या सूपातसुद्धा माशाचा अर्क असतो. आम्ही भडंग आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर नेली होती, शिनकान्सेनमध्ये खायला कुणी काही म्हणत नाही, फक्त फोनवर मोठ्यानं बोलायचं नाही. बॅगा ओढायची गरज नाही, हॉटेलवर दिल्या की कुरिअरवाले बहुतेक दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोचवतात, हातात एक पिशवी पुरे. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आणि ऑगस्टच्या मध्याला त्यांच्याच सुट्ट्या असतात, तेव्हा जाऊ नका, गाड्या भरलेल्या असतात. पुढच्या खेपेला बिझेन हे गाव धरायचं म्हणतोय, तिथली मातीची भांडी बिनझिलईची असतात आणि लाकडावर कित्येक दिवस भाजतात. कुणाला यायचं असेल तर सांगा, पण घाई करणारे नकोत.