पावसातली कुंडलिका: कयाक कधी उतरवायची, कधी नाही

कोलाडची कुंडलिका एरवी ठरल्या वेळेला वाहते. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली सुटतं, त्यावर राफ्टवाले उतरतात आणि विसर्ग थांबला की पात्रातले खडक पुन्हा उघडे पडतात. जुलैच्या पावसात त्याच पाण्यात ताम्हिणीकडचे ओढे येऊन मिळतात, आणि त्यांना कसलीच वेळ नसते. उतार तीव्र, पाणलोट लहान. वर घाटात तासभर कोसळला की खाली ऊन असलं तरी पाणी चढतं.

पाटबंधारे खात्याच्या पूर-तक्त्यात कुंडलिकेवरच्या डोलवहाळ बंधाऱ्याची पातळी असते: इशारा २३ मीटर, धोका २३.९५. आकडा इशाऱ्याच्या आसपास असेल, किंवा घाटमाथ्याला रेड अलर्ट असेल, तर कयाक, म्हणजे वल्ह्याची ही छोटी बोट, गाडीच्या टपावरून खाली काढूच नये. आकडा बरा असला तरी तो काही तास जुना असतो, म्हणून काठावर खात्री करावी. पाण्याच्या कडेला काटकी खोचून पंधरा मिनिटं थांबा. बोटभर जरी चढलं तरी बेत रद्द. गढूळ पाण्यातून पालापाचोळा, ओंडके, उपटलेल्या केळी येत असतील तर काटकीचीही गरज नाही. उतरत्या पाण्यावर जायचं, चढत्या नाही. यात तडजोड नको.

मग वेग मोजा. काठाने तीस मीटर पावलांनी मोजून पाण्यात लाकूड टाका. दहा सेकंदांत ते पार झालं तर वेग सेकंदाला तीन मीटर, म्हणजे ताशी जवळपास अकरा किलोमीटर. साठ मीटरवर आडवं झाड दिसलं तर हातात वीस सेकंद उरतात. वेग दुप्पट झाला की पाण्याचा दाब चौपट होतो, त्यामुळे उन्हाळ्यात हाताने ढकलून सुटणारी बोट आता खडकाला चिकटते ती चिकटतेच.

लाटांना लोक उगाच घाबरतात. मोठ्या पाण्यात बरेचसे खडक बुडतात, लाटा मोठ्या पण सरळसोट होतात. जीव जातो तो झाडांत. पाणी काठ सोडून वर आलं की करंज, उंबर, बांबूची बेटं थेट प्रवाहात उभी राहतात. त्यांच्या फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. म्हणून वळणावर बाहेरच्या कडेला जाऊ नका, पाणी तिकडेच ओढतं. आधीपासून आतल्या कडेला राहा.

पूल आणि साकव निघण्याआधी गाडीने जाऊन पाहून या. बसलेल्या माणसाचं डोकं पाण्यापासून मीटरभर उंच असतं, त्यामुळे पुलाखाली दीड मीटर मोकळं नसेल तर त्याच्या बऱ्याच आधी बाहेर पडा. खांबांना अडकलेली झाडं पाहा. बंधारा वरच्या अंगाने पाण्याची नुसती सपाट रेघ दिसतो. खालचा भोवरा मात्र माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतो. बाहेर पडायची जागा बंधाऱ्याच्या खूप वर ठरवा आणि झाडाला रंगीत फडकं बांधा. पुरात काठ ओळखू येत नाही.

खडकांमागच्या शांत जागा, म्हणजे एडी, निम्म्याहून कमी उरतात. उरलेल्यांची कड रुंद आणि उकळती होते. ती रेंगाळत ओलांडली तर बोट तिथेच उलटते. वेग घेऊन, जवळपास काटकोनात ओलांडा आणि प्रवाहात शिरताच खालच्या बाजूला झुका. फेरी मारताना, म्हणजे एका काठावरून दुसऱ्या काठाला जाताना, बोटीचं नाक प्रवाहाविरुद्ध जास्त सरळ ठेवा.

उलटल्यावर रोल, म्हणजे बोटीतच बसून ती पुन्हा सरळ करणं, हमखास बसत नसेल तर या पाण्यात येऊच नका. पोहत बाहेर पडणं म्हणजे शेकडो मीटर वाहत जाणं. उताणं होऊन पाय पुढे, पायांची बोटं पाण्यावर ठेवा. उभं राहायला गेलात तर पाय खडकात अडकतो. झाड टळणारच नसेल तर पालथं होऊन, त्याच्याकडेच जोरात पोहून छाती फांदीवर चढवा.

सत्तर किलोच्या माणसाला साधारण तीनशे लिटरची क्रीक बोट (अवघड पाण्यासाठीची फुगीर कयाक) बरी, प्लेबोट (कसरतींसाठीची छोटी कयाक) घरी ठेवा. दोन्ही टोकांना हवेच्या पिशव्या, हेल्मेट, घट्ट बसणारं लाइफ जॅकेट, शिट्टी, सुरी, आणि प्रत्येकाकडे थ्रो बॅग, म्हणजे वाहत्या माणसाकडे फेकायची वीस मीटर दोरीची पिशवी हवी. स्प्रे स्कर्टचा, म्हणजे कमरेभोवती बोटीचं तोंड झाकणाऱ्या कापडाचा, ओढायचा फासा बाहेर आहे ना, हे दुसऱ्याने तपासावं. किमान तीन बोटी, पुढच्या-मागच्यात एका एडीइतकं अंतर. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. ते पाहून घ्या, वीजघराचा विसर्गही विचारा.

घरी आल्यावर साबणाने अंग धुवा, खरचटलेलं नीट साफ करा. शेतातलं पाणी नदीत आलेलं असतं आणि कोकणात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) असतोच. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचं आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.