विश्कोलोत्लाच्या पताका आणि एक हट्टी अनुस्वार

ऑक्टोबरात बहिणीचा फोन आला. भाचीचं लग्न ठरलं होतं. डिसेंबरातला मुहूर्त, वाईजवळच्या आमच्या गावी, घराच्या अंगणातच मांडव. "येताना सजावटीचं काहीतरी आण गं. मेक्सिकोहून आणलंय असं चारचौघांत सांगता येईल असं," ती म्हणाली. आणते म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर विचारात पडले. आम्ही राहतो त्या प्वेब्ला शहराची प्रसिद्ध वस्तू म्हणजे तालावेरा, निळ्या-पांढऱ्या नक्षीची झिलईदार मातीची भांडी. ती दोन विमानं बदलून वाईपर्यंत नेली तर मांडवात ठिकऱ्यांचीच रांगोळी घालावी लागली असती.

आम्ही प्वेब्लात कसे, ते आधी सांगते. फोक्सवागनचा एक कारखाना चाकणला आहे आणि एक इथे, मेक्सिको सिटीपासून दोनेक तासांवर. नवऱ्याला दोन वर्षांसाठी इकडे पाठवलं. त्यामुळे आमच्या मित्रमंडळींत चाकणची माणसं बरीच, आणि गप्पा ट्रॅफिकच्याच.

उत्तर खरं तर खिडकीतूनच दिसत होतं. आमच्या गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कागदी पताकांच्या माळा बाराही महिने असतात. आपल्या गणपतीतल्या त्रिकोणी पताका नव्हेत. या चौकोनी, पातळ कागदाच्या, आणि अख्ख्या कागदावर जाळीदार नक्षी कोरलेली. सप्टेंबरात स्वातंत्र्यदिनाच्या हिरव्या-पांढऱ्या-लाल, लग्न असलं की पांढऱ्याशुभ्र, त्यात कबुतरं, घंटा, अंगठ्या. नाव पापेल पिकादो, म्हणजे टोचलेला किंवा छिद्रं पाडलेला कागद. आपल्याकडे रांगोळीचे टोचलेले छाप असतात, त्यांची मला आठवण होते.

खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना विचारलं, चांगल्या कुठे मिळतील? त्या म्हणाल्या, बाजारातून घेऊ नकोस, तिथे आता मशीनवर कापलेल्याच जास्त. विश्कोलोत्लाला जा. आणि माझं स्पॅनिश त्यांना ठाऊक असल्यामुळे स्वतःच बरोबर निघाल्या.

प्वेब्लाच्या मुख्य बसस्थानकाला सगळे 'कापू' म्हणतात. लांबलचक सरकारी नावाचं ते लघुरूप. तिकडच्या कुणाला त्यात काही वाटत नाही, पण कागद कापणाऱ्यांच्या गावाला निघालेली मराठी बाई त्या पाटीखाली उभी राहून एकटीच हसते तेव्हा घरमालकीणबाई काळजीनं बघतात.

विश्कोलोत्ला पन्नासेक किलोमीटरवर. आधी तेपेआकापर्यंत बस, मग तिथून कोंबी, म्हणजे आपली वडाप. मागे पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी नेहमीप्रमाणे धुराचा शेंडा काढून बसलेला. कारागिरांचं गाव म्हणून मी मनात एक शांत, सुंदर चित्र रंगवलं होतं. प्रत्यक्षात उतरले ती ट्रकांच्या गर्दीत. या गावी भाजीपाल्याची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. टोमॅटोचे क्रेट, कोथिंबिरीचे भारे, हमालांची आरडाओरड. सीझनमध्ये नारायणगावात उतरावं तसं. पताकांचं गाव त्या बाजाराच्या पाठीमागे, आतल्या गल्ल्यांत. तिथे वळल्यावर आधी आवाज येतो. ठक ठक ठक, मध्ये थांबून पुन्हा ठक ठक. एका घरातून, मग पुढच्या.

ज्या घरात आम्ही शिरलो तिथे अंगणावर पत्रा टाकून कारखाना केलेला. साठीचा कारागीर. त्याला सगळे 'माएस्त्रो' म्हणतात, आपण 'उस्ताद' म्हणतो तसं. त्याची बायको कोपऱ्यात माळा चिकटवत होती आणि मुलगा कॉम्प्युटरवर नक्षी काढत होता. ऑक्टोबर म्हणजे यांचा दिवाळीचा सीझन. 1 आणि 2 नोव्हेंबरला मृतांचा सण, आपल्या सर्वपित्रीसारखा, फक्त सुतकी चेहरा न करता साजरा केलेला. सगळीकडे नारिंगी आणि जांभळ्या कागदाचे ढीग, हसणारे सांगाडे. नारिंगी रंग झेंडूचा. हा झेंडू मूळचा इथला, मेक्सिकोचा. आपल्या दसऱ्याला ज्याच्याशिवाय पान हलत नाही ते फूल परदेशी पाहुणं आहे, हे इथे राहायला आल्यावर मला कळलं.

त्याच्या कामाच्या पाटावर शिशाचा जाड पत्रा. त्यावर पातळ रंगीत कागदांची चळत, पन्नासेक कागदांची. सगळ्यात वर पेन्सिलीनं नक्षी काढलेला साधा कागद, कडेनं पिना मारलेल्या. शेजारच्या लाकडी खोक्यात छिन्न्या. मी मोजायला लागले आणि चाळीसच्या पुढे सोडून दिलं. सरळ धारेच्या, अर्धचंद्राच्या, गोल पंच, नखाएवढ्या, सुईएवढ्या. यांना 'फिएरितो' म्हणतात, लोखंडुकली म्हणू या. डाव्या हातात छिन्नी उभी धरायची, उजव्या हातातल्या मोगरीनं एकच घाव. छिन्नी पन्नास कागद भेदून शिशात किंचित रुतते. शिसं मऊ, म्हणून धार जात नाही. दगडावर किंवा लाकडावर हेच केलं तर धार तरी जाईल नाहीतर तळाचे कागद फाटतील. कापलेल्या तुकड्यांचा गठ्ठा नखानं उचकटून बाजूला टाकायचा. त्याच्या पायाशी नारिंगी टिकल्यांचा खच पडला होता, लेक सासरी निघताना उधळलेल्या पाकळ्यांसारखा.

हा कागद स्पॅनिशमध्ये 'पापेल दे चिना', चिनी कागद. 1565 ते 1815 अशी अडीचशे वर्षं मनिलाहून आकापुल्कोला स्पॅनिश गलबतं येत. रेशीम, मसाले, चिनीमाती, आणि त्यांतूनच असा पातळ कागद इकडे आल्याचं सांगतात. पुढे हासिएंदांच्या, म्हणजे मोठ्या जमीनदारांच्या वाड्यांच्या दुकानांत तो मिळू लागला. मजुरांना त्या दुकानातूनच उधारीवर माल घ्यावा लागे. विश्कोलोत्लाच्या मजुरांनी तो कागद घेऊन कोरायला सुरुवात केली, ही इथली कहाणी. पण कागद कापून त्याला काही अर्थ द्यायचा, ही गोष्ट या मातीत त्याहून जुनी आहे. याच प्वेब्ला राज्याच्या उत्तरेकडच्या डोंगरात सान पाब्लितो गावचे ओतोमी लोक झाडाची साल कुटून आमाते कागद करतात आणि त्यातून विधींसाठी माणसांच्या, बियाण्यांच्या देवतांच्या आकृत्या कापतात. विश्कोलोत्लाच्या कलेला 1998 मध्ये प्वेब्ला राज्य सरकारनं सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं. माएस्त्रोच्या घरात त्याचं कुठलंही प्रशस्तिपत्र टांगलेलं दिसलं नाही. त्या खिळ्यावर कागदाच्या माळाच होत्या.

आता माझं काम. मला पताकांवर देवनागरीत मजकूर हवा होता. आधी 'चि. सौ. कां.'सकट दोघांची नावं डोक्यात होती. मग म्हटलं, नुसतं 'शुभमंगल' पुरे. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून नेलं होतं. माएस्त्रोनं तो कागद उलटसुलट करून पाहिला, शिरोरेघेवरून बोट फिरवलं आणि मोठ्यानं हसला. घरमालकीणबाईंनी मला समजेल अशा स्पॅनिशमध्ये सांगितलं, "हा म्हणतो, तुमची अक्षरं आधीच दोरीवर वाळत घातलेली आहेत."

त्याच्या हसण्याचं कारण मग कळलं. या कामात अक्षर कापून काढत नाहीत, अक्षराभोवतीचा कागद काढतात. अक्षर शिल्लक राहतं. मग ते कशाला तरी चिकटलेलं हवं, नाहीतर गळून पडणार. रोमन अक्षरं सुटी सुटी, म्हणून प्रत्येकाला वरून खालून जाळीच्या बारीक काड्यांनी धरून ठेवावं लागतं. आपली मात्र अख्खी ओळ एका रेघेला लटकलेली, आणि रेघेची दोन टोकं चौकटीला. शाळेत शिरोरेघ दिली नाही म्हणून पट्टी खाल्ली होती, तिचा उपयोग असा प्वेब्लात झाला.

पण कौतुकानं हुरळून जाण्याआधी त्यानं चार कागदांवर नमुना मारायला घेतला. श ठीक, भ ठीक, भच्या डाव्या गाठीवर रेघ नसते पण ती दांडीला धरून असते. गचे दोन सुटे भाग, दोन्ही रेघेलाच लोंबतात. दुसरा नुसता काना, वाऱ्यावर गुंडाळला जाईल म्हणून त्याला खालून जाळीचा आधार दिला. शेवटी त्यानं कागद उचलला, फुंकर मारली, आणि एक गुलाबी टिकली तरंगत शिशाच्या पत्र्यावर पडली.

अनुस्वार.

त्यानं ती टिकली बोटाच्या टोकावर घेऊन माझ्यापुढे धरली. हे हवंच का? मी म्हटलं, हवंच. त्याशिवाय शब्द होत नाही, 'मगल' होतं. मग हे कशाला टांगलेलं आहे? कशालाच नाही. त्यानं भुवया उंचावल्या. हजार वर्षं आपण ते टिंब हवेत ठेवत आलो, कुणी विचारलं नव्हतं.

मी सुचवलं, बारीक काडीनं रेघेला जोडा. तसं केलं तर ते टाचणीसारखं दिसायला लागलं, मवर टाचणी खुपसल्यासारखं. वरच्या चौकटीपासून लोंबतं सोडलं तर दिव्याच्या बल्बसारखं. बायको माळ बाजूला ठेवून उठली, पेन्सिल घेतली आणि टिंबाच्या जागी एक छोटं कबुतर काढलं. लग्नाच्या पताकांत कबुतरं असतातच. इथे त्याचे पाय शिरोरेघेवर, मान उजवीकडे, पोट गोल. लांबून अनुस्वार, जवळून पक्षी. माएस्त्रोनं काही न बोलता सगळ्यात लहान अर्धचंद्राची छिन्नी उचलली. त्या घरात खरा उस्ताद कोण, हा प्रश्न मी घरमालकीणबाईंना परतीच्या वाटेवर विचारला. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे काय वेगळं असतं?

पताका प्लास्टिकच्या करू का, असंही त्यानं विचारलं. हल्ली बाहेर लावायला प्लास्टिकवरच बरंच काम होतं, पावसापाण्यात टिकतं. त्याचं म्हणणं व्यवहाराचं होतं. मला ते आवडलं नाही. कागदाची पताका वाऱ्यावर सळसळते, प्लास्टिकची फडफडते. लग्न दोन दिवसांचं, पताका दहा वर्षं कशाला टिकायला हवी? कागदच सांगितला. सण उरकल्यावर नोव्हेंबरात जाऊन घेऊन आले. शंभर पताका, आणि गठ्ठा कॉलेजच्या जर्नलएवढा जाड. बॅगेत साडीच्या घडीत आरामात मावला. तालावेराची आठवणही झाली नाही.

गावी अंगणात माळा करायला आम्ही चौघीजणी बसलो. पताकेची वरची कड बोटभर दुमडायची, आत दोरा, आणि खळ लावून दाबायची. खळ मैद्याची, मोरचूद घालून. लहानपणी गणपतीला करायचो तशीच. तेव्हा पतंगाचा कागद घडी घालून कात्रीनं कातरायचो. घरी करून बघायचं असेल तर तेच बरं. कागदाला चार घड्या, घडीच्या कडेनं लहान लहान चंद्र-त्रिकोण, आणि दोन कापांमध्ये करंगळीएवढा कागद सोडायचा. हावरटपणे जास्त कापलं की लोंबायला लागतं. शिवाय दोन पताकांत बोटभर अंतर ठेवा. चिकटून लावल्या की एकमेकींत अडकून फाटतात, आमच्या पहिल्या माळेचं तेच झालं. सगळ्या पांढऱ्या घेतल्या नव्हत्या, ते एक शहाणपण केलं. मांडवाच्या पांढऱ्या कापडाखाली पांढरं कोण बघणार? गुलाबी आणि पिवळ्या होत्या.

माएस्त्रोचा इशारा मी विसरले होते. वाईला डिसेंबरात पहाटे दव पडतं. लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला बाहेर येऊन बघते तर सगळ्या पताका मान टाकून बसलेल्या, आणि एका माळेचा गुलाबी रंग थेंब थेंब खाली, नेमका भाचीच्या चुलतसासऱ्यांच्या इस्त्रीच्या टोपीवर. टोपी खुर्चीवर ठेवली होती, डोक्यावर नव्हती, एवढंच नशीब. मी मुकाट्यानं दुसरी टोपी मागवली. नऊपर्यंत ऊन आलं आणि कागद पुन्हा ताठ झाला. मंगलाष्टकांच्या वेळी खालून अक्षता उडत होत्या आणि त्यातल्या बऱ्याच जाळीच्या भोकांतून आरपार जात होत्या. काही अडकल्याही.

माझी मामी निवृत्त मराठीची शिक्षिका. जेवणाच्या पंगतीत बसल्या बसल्या वर बघून तिनं माळ वाचली. "शुद्धलेखन बरोबर आहे," ती म्हणाली, "पण टिंबाला शेपूट कुणी लावलं?"

रात्री मी मांडवाचा एक फोटो माएस्त्रोच्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. सगळे खूश आहेत, एकही अक्षर गळलं नाही, असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. वडील म्हणतात, फोटो मागच्या बाजूनं काढलाय. मी उघडून पाहिलं, खरंच, मी मांडवाच्या आतून काढला होता, सगळी ओळ उलटी. देवनागरीचं एक अक्षर न येणाऱ्या माणसाला कसं कळलं, म्हणून विचारलं.

मुलानं लिहिलं, "आईचं कबुतर उजवीकडे बघतं. तुमच्याकडे डावीकडे बघतंय."