फाइल सरांची, कुलूप कंपनीचं

"पैसे वाचतात म्हणून लिनक्सवर काम करता का हो?" माझ्याकडे डीटीपीसाठी पहिल्यांदा येणारा जवळजवळ प्रत्येक लेखक हे विचारतो. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी, पण मुक्त प्रणाली. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२००४ साली एका निवृत्त शिक्षकांचं, त्यांच्या गावाच्या इतिहासाचं पुस्तक मी लावलं. तेव्हा मराठीसाठी विकतचं सॉफ्टवेअर वापरत होते. संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टात त्याचं लॉक खोचलेलं असायचं. ते काढलं की प्रोग्रॅम उघडायचा नाही. बारा वर्षांनी सर दुसऱ्या आवृत्तीसाठी आले. तोवर जुना संगणक गेला होता, नव्याला तसं पोर्टच नव्हतं आणि कंपनीने ते सॉफ्टवेअर कधीच बंद केलं होतं. फाइल दुसरीकडे उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता खच. त्या फॉन्टांत काना, मात्रा, अर्धी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत, आणि कुठलं कुठे हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. सर म्हणाले, "अहो, पण लिहिलेलं तर माझंच आहे ना?"

२१२ पानं पुन्हा टाइप केली. त्या सॉफ्टवेअरचे मी पूर्ण पैसे मोजले होते.

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारे अमेरिकी प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांचं म्हणणं मला तेव्हा खरं उमगलं. १९८०च्या सुमारास ते अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होते. प्रिंटरमध्ये कागद अडकला की पडद्यावर निरोप यावा, अशी सोय त्यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये केली होती. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, सोर्स कोडशिवाय, म्हणजे प्रोग्रॅमचा वाचता-बदलता येणारा मूळ मजकूर न देता. कार्नेगी मेलन विद्यापीठात एकाकडे तो कोड होता, पण कोणाला देणार नाही अशा करारावर त्याने सही केली होती. स्टॉलमन यांनी मागितल्यावर त्याने नकार दिला. १९८३मध्ये स्टॉलमन यांनी मुक्त संगणक-प्रणाली लिहिण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रोग्रॅम हव्या त्या कामाला वापरा, आतलं वाचा, बदला, मूळ किंवा सुधारलेली प्रत दुसऱ्याला द्या, एवढी मोकळीक त्यांना हवी होती. विकायलाही ना नव्हती. ते स्वतः ईमॅक्स या आपल्या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅमची टेप १५० डॉलरला विकत. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन्ही अर्थ येतात. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' हे शब्दच वेगळे आहेत, तरी आपण गल्लत करतो याचं मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही मी जाणते. १९७६मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना जाहीर पत्रातून विचारलं होतं, की मोबदल्याशिवाय प्रोग्रॅम लिहिण्याचं काम करणं कोणाला परवडेल? कष्टाचे पैसे मिळायलाच हवेत. मीही पानाप्रमाणे घेते. पण त्या विचारात प्रोग्रॅम कायम मालकाचा राहतो आणि आपल्या वाट्याला फक्त परवाना येतो. मालकाने दुकान आवरलं की सरांची वीस वर्षांची टिपणंही त्यासोबत जातात. हे मला पटत नाही.

सरांचं पुस्तक आता युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणि लिब्रेऑफिस या मुक्त लेखन-प्रोग्रॅमच्या ओडीटी फाइलीत आहे. त्या फाइलीची रचना उघड आहे, कोणालाही ती वाचणारा प्रोग्रॅम लिहिता येतो. मागच्या दिवाळीत सरांच्या नातीने बंगळुरूहून फाइल मागितली. तिच्याकडे कुठलं सॉफ्टवेअर आहे, हे विचारायची वेळ आली नाही. तिसऱ्या प्रकरणात पणजीचं नाव चुकलं होतं, ते दुरुस्त करून तिने त्याच रात्री फाइल परत पाठवली.