आमची वाटचाल: दिवा कधी लागला पाहिजे, हे आधी विचारतो

कराडला महामार्गालगत वडिलांनी डायनमो आणि सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा जादा लाईट बसवणं हे वरकड काम होतं. सेल्फसाठी आलेला ड्रायव्हर जाता जाता म्हणायचा, ‘मिस्त्री, पुढं दोन फॉग टाकून द्या.’ आता कित्येक गाड्या फक्त त्याच कामासाठी आमच्याकडे येतात. यात आमच्या गावाच्या जागेचा मोठा वाटा आहे. इथून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरणारा रस्ता पावसाळ्यात धुक्यात बुडालेला असतो. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात हंगामात रात्री-अपरात्री फडात गाडी भरावी लागते. घाटातली गरज वेगळी, फडातली वेगळी, आणि दोन्हीकडची वायरिंगही वेगळी.

वडिलांच्या हाताखाली मी शिकलो तेव्हा सगळीकडे एकच पद्धत होती. बॅटरीवरून वायर घ्यायची, डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरवायची आणि तशीच पुढे दिव्याला न्यायची. सगळा करंट त्या स्विचमधून जायचा. आमच्याकडे अशा गाड्या आजही येतात: स्विचचं प्लास्टिक मागून वितळलेलं, टर्मिनल काळं पडलेलं, वायरचं इन्सुलेशन पापडासारखं कडक झालेलं. १२ व्होल्टच्या पिकअपवर ५५ वॉटचे दोन हलोजन साधारण ९ अँपिअर ओढतात. बारीक वायरीचा असा लांब फेरा मारला की वाटेतच एखादा व्होल्ट पडतो, आणि तेवढ्यानेही हलोजनचा उजेड जवळपास पावपट घटतो. मालकाला वाटतं दिवे हलके लागले. दिवे चांगलेच असतात, पण वाटेत मार खातात.

वडिलांनी फार लवकर रिले, म्हणजे किरकोळ करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, धरला, आणि दुकानाची खरी वाट तिथूनच सुरू झाली. बॅटरीपासून जवळच फ्यूज, तिथून जाड वायरने रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ च्या पिनवरून दिव्याला. स्विचकडे फक्त रिले ओढणाऱ्या, ८५-८६ पिनांमधल्या कॉइलचा किरकोळ करंट. हे आता सगळेच करतात. आमच्या दुकानाची ओळख झाली ती त्यापुढच्या प्रश्नामुळे: त्या कॉइलला सप्लाय कुठून द्यायचा?

बहुतेक ड्रायव्हर सांगतात, ‘डायरेक्ट बॅटरीवरून द्या, झंझट नको.’ वडील त्यांना विचारायचे, ‘मामा, धाब्यावर झोपलात आन् लाईट तशीच राहिली, तर पहाटे सेल्फ कोण मारणार?’ मग चहा मागवून रस्त्याची चौकशी व्हायची. घाटात जाणाऱ्याचे फॉग आम्ही पार्किंग लाईटच्या सर्किटवरून चालवतो. धुक्यात अप्पर (हेडलाईटचा लांबचा झोत) मारला की उजेड उलटून डोळ्यांवर येतो. तिथे हेडलाईट लोअरवर ठेवून खालचे फॉग लागले पाहिजेत. तेच फॉग अप्परच्या वायरीवर दिले तर नेमके गरजेला उपयोगी पडत नाहीत. उलट मोकळ्या रस्त्यावर लांबचा उजेड टाकणारे दिवे अप्परवरच हवेत. समोरून गाडी आली, ड्रायव्हरने डिपर देऊन हेडलाईट लोअरवर आणला की तेही अप्परबरोबर विझतात, दुसऱ्या स्विचकडे हात न्यावा लागत नाही. समोरच्याचे डोळे दिपवणारं काम आम्ही घेत नाही. पुढे स्पॉट लाईट किंवा सर्चलाईट लावायला केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १११ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याची आगाऊ परवानगी लागते, हे गिऱ्हाईक नाराज झालं तरी सांगतो.

फडातल्या गाडीचे मागचे वर्क लाईट हे माझं सर्वात आवडतं काम. रिव्हर्स टाकला की ते आपोआप लागले पाहिजेत, आणि भरताना गिअर न्यूट्रलला असतानाही लागले पाहिजेत. सरळ दोन्ही वायरी एकत्र जोडल्या तर स्विच दाबल्यावर सप्लाय उलटा जाऊन रिव्हर्सचा दिवाही पेटतो. म्हणून आम्ही तीन पोझिशनचा स्विच लावतो: एका बाजूला रिव्हर्सबरोबर, मध्ये बंद, दुसऱ्या बाजूला सलग चालू. सलग चालूच्या बाजूला लाल पायलट दिवा (मागचे दिवे चालू असल्याची खूण) असतोच. भरलेली गाडी फडातून रस्त्यावर आली आणि मागचे दिवे चालू राहिले, तर मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला काही दिसत नाही. त्या लाल दिव्यासाठी आम्ही वेगळे पैसे घेत नाही.

मोठ्या ट्रकचं २४ व्होल्टचं काम माझ्या भावाने उचललं. तिथे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकीला एक जोडून, असतात. अनेक ठिकाणी १२ व्होल्टचा स्वस्त दिवा घेऊन एकाच बॅटरीवरून सप्लाय काढतात. मग एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते आणि थोड्याच काळात जोडीची जोडी जाते. आम्ही २४ व्होल्टचाच दिवा आणि रिले लावतो, किंवा १० ते ३० व्होल्ट चालणारा एलईडी. बॅटरी कट-ऑफ (बॅटरीचा सप्लाय तोडणारा मुख्य स्विच) असलेल्या गाडीला सप्लाय कट-ऑफच्या पुढूनच घेतो, म्हणजे कट-ऑफ बंद केला की आमचे दिवेही मेलेच पाहिजेत. टिल्ट केबिनला (पुढे कलणाऱ्या केबिनला) वायर बिजागरीजवळून, पाईपमध्ये घालून, थोडी सैल सोडून नेतो. अर्थसाठी (दिव्याची परतीची वायर चेसिसला जोडायला) चेसिसचा रंग खरवडून लोखंड उघडं करतो, बोल्ट आवळतो आणि वरून ग्रीस लावतो.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराच्या नव्या निकषाच्या) गाड्या आल्या आणि कुठल्याही वायरीला टोचा मारून सप्लाय घ्यायचे दिवस संपले. अनेक गाड्यांत हेडलाईटवर कंट्रोल युनिटची (गाडीतल्या कॉम्प्युटरची) नजर असते. चुकीच्या वायरीला हात लावला की मीटरवर फॉल्ट येतो आणि वॉरंटीचा वाद सुरू होतो. अशा गाडीत कंपनीने जादा सामानासाठी सोडलेलं कनेक्शन शोधूनच काम करतो, आणि कॉइलवर डायोड (कॉइल बंद होताना येणारा उलटा झटका थोपवणारा भाग) असलेलाच रिले वापरतो. वेळ जास्त जातो, मजुरीही जास्त पडते. ती का पडते, हे गाडीच्या मालकाला बॉनेटपाशी उभं करून दाखवतो.

काम झालं की वायरिंगची आकृती, फ्यूजची जागा आणि त्याचा अँपिअर एका कार्डावर लिहून देतो. हिशेब आणि ही कार्डं माझी बायको सांभाळते. गाडी नागपूरला बंद पडली तरी तिथल्या मिस्त्रीला फोनवर आकृती जाते.

दसऱ्यानंतर कारखान्यांच्या गाड्यांची रांग लागते. मागचे लाईट बसवायचे असतील त्यांनी गणपती झाले की गाडी आणावी, आणि शक्यतो जो ती चालवणार आहे त्याला बरोबर आणावं.