कानातून गाडी उतरेपर्यंत

सातारा ते लेह आणि परत सातारा, 23 दिवस, 6184 किलोमीटर. हे आकडे आल्यापासून इतक्या वेळा सांगितलेत की आता ते दुसऱ्याच कुणाच्या तरी ट्रिपचे वाटायला लागलेत. ऑफिसात पहिला प्रश्न "किती खर्च आला?" आणि दुसरा "एवढ्या वयाच्या वडिलांना घेऊन कशी काय गेलीस?" डिझेलचे 33 हजार म्हटलं की समोरचा लगेच ॲव्हरेज किती पडलं विचारतो, आणि मग चहा येतो आणि विषय संपतो. वाईट वाटलं मला, अगदी खरं सांगते. म्हणून मग लेह-पँगाँगबद्दल लिहायचं सोडून घरी आल्यावरच्या दिवसांबद्दलच लिहितेय, कारण ते दिवस मला तिकडच्या खिंडींपेक्षा अवघड गेले.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, सातारा डेपो, 33 वर्षं. महाबळेश्वर, बामणोली, स्वारगेट, मुंबई, सगळं झालं, पण स्टिअरिंग धरून कधी राज्याच्या बाहेर गेले नाहीत. रिटायर झाल्यापासून ते सकाळी पेपर आणि संध्याकाळी टीव्ही एवढ्यावरच आलेले, ते मला बघवत नव्हतं. रजा साठवली, डॉक्टरांना दाखवून आणलं, आणि गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी निघालो. "पितृपक्षात कुठं निघालाय?" असं निम्म्या नातेवाईकांनी ऐकवलं, पण ऑक्टोबर उजाडला की तिकडं थंडी वाढते, त्यामुळे थांबून चालणार नव्हतं. आई आली नाही. तिचे गुडघे दुखतात, आणि मुळात तिला यायचंच नव्हतं, तसं तिने स्पष्ट सांगितलं.

मनालीपर्यंतचे चार दिवस सोडून देते, राजस्थानातल्या उकाड्याशिवाय त्यात सांगण्यासारखं काही नाही. गाडी मी चालवायची आणि बाबा डाव्या सीटवर, उजवा पाय सतत ब्रेकवर असल्यासारखा दाबून. आणि बोलायचे! मी लहानपणापासून ऐकलं नव्हतं एवढं बोलले ते या 23 दिवसांत. मुक्कामाच्या गाडीत रात्री टपावर झोपायचे ते, पावसात केळघर घाटात दरड आली तेव्हा पॅसेंजरांनी मिळून दगड बाजूला केले ते, पगाराच्या दिवशी कंडक्टरबरोबर खाल्लेली मिसळ, सगळं. मला वाटतं समोर रस्ता असला की माणसाला एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागत नाही, म्हणून सोपं जात असेल.

एक गोष्ट मात्र कबूल करायलाच हवी. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर श्रीनगर-कारगिलकडून जा, उंची हळूहळू वाढत जाते, आणि परत या मनालीकडून. मी नेमकं उलटं केलं. मनाली-लेह रस्त्यावरचं सरचू 14 हजार फुटांवर आहे, तिथं तंबूत मुक्काम केला आणि बाबांचं डोकं एवढं दुखायला लागलं की मी रात्रभर टॉर्च धरून त्यांचा श्वास बघत बसले होते. शेजारच्या तंबूतल्या पोरांनी गरम पाणी आणून दिलं, एकाने स्वतःचं ब्लँकेट दिलं. सकाळी बाबा उठून टायरवर पान्याने टकटक करून हवा बघत होते तेव्हा मला रडूच आलं. ती चूक होती माझी आणि ती मी विसरणार नाही.

परतताना झोजिला खिंड लागली, कच्चा रस्ता, एका बाजूला दरी आणि समोरून मिलिटरीचे ट्रक एकामागे एक. माझे हात घामाने ओले. बाबा शांतपणे म्हणाले, "खंबाटकीच आहे गं ही, फक्त उंच आहे. सेकंडला ठेव आणि चढणाऱ्याला वाट दे." त्या एका वाक्यावर मी सोनमर्गपर्यंत उतरले.

शेवटचा मुक्काम वापीला. घोडबंदरला अडीच तास ट्रॅफिकमध्ये उभे, आख्ख्या प्रवासात एवढी चिडचिड कुठं झाली नाही. मग एक्सप्रेसवे, पुणे, शिरवळ. खरोखरची खंबाटकी चढायला लागलो तेव्हा अंधार पडला होता. वळणं बाबांच्या अंगात भिनलेली, मला वाटलं आता काहीतरी बोलतील, झोजिलाची आठवण काढतील. बोलले नाहीत. आनेवाडी टोलनाका गेला, साताऱ्याचे दिवे दिसायला लागले, तरी काही नाही.

घरात पाऊल टाकलं तर देवघरापुढे आईचा घट. एकटीने घट बसवले होते तिने, सातवी माळ होती त्या दिवशी, आणि धान्य चांगलं चार बोटं वर आलं होतं, पिवळट पोपटी, एका बाजूला झुकलेलं. का कोण जाणे, 6184 आकडा बघून जे जाणवलं नव्हतं ते ते धान्य बघून जाणवलं, की आपण खूप दिवस घरात नव्हतो. आईला उपास होता, तरी आमच्यासाठी तिने वरण-भात, बटाट्याची भाजी केली होती. गरम भातावर तूप, त्यावर लिंबू. 23 दिवस मॅगी, राजमा-चावल आणि थुक्पा खाल्ल्यावर त्या पहिल्या घासाला मी काही बोलूच शकले नाही.

पण दुसऱ्या दिवसापासून बाबा गप्प. म्हणजे भांडण नाही, आजार नाही, नुसते गप्प. पेपर, जेवण, टीव्ही. पहाटे साडेचारला उठायचे, खिडकीतून खाली गाडीकडे बघायचे आणि परत येऊन आडवे व्हायचे. मीपण साडेचारलाच उठत होते, कारण तिकडे रोज तेव्हाच निघायचो. आम्ही दोघं अंधारात स्वयंपाकघरात पाणी प्यायला यायचो आणि काही न बोलता आपापल्या खोलीत जायचो. 23 दिवस एका गाडीत बडबड करणारी दोन माणसं एका घरात आल्यावर अशी कशी वागतात? मला वाटलं नेऊन चूक केली, आता घर त्यांना अजूनच छोटं वाटत असणार. माझी बॅग तशीच पडून होती. एकदा चेन उघडली तर आतून तिकडच्या कोरड्या मातीचा वास आला, तशीच बंद केली.

शेवटी आईला विचारलं. ती मेथी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "अगं, त्यांच्या कानातून गाडी उतरली नाही अजून. मुक्कामाच्या ड्युटीवरून आले की दोन दिवस असेच असायचे. एका रात्रीच्या ड्युटीला दोन दिवस लागायचे, हे तर 23 दिवस आहेत. बस हिशोब करत."

मी तिथंच खाली बसले. बाबांच्या नोकरीची 33 वर्षं मी याच घरात राहत होते, शाळा, कॉलेज, सगळं इथंच, आणि हे मला माहीत नव्हतं. आई मात्र प्रत्येक वेळी तेवढे दिवस थांबलेली.

आणि मग ती म्हणाली, "मला पण वेळ लागतोय. तीन माणसांची कणीक मळायचं हात विसरला माझा." तेव्हा लक्षात आलं, आदल्या दिवशी चपात्या कमी पडल्या होत्या त्या का. तिने छोटा कुकर वर काढून ठेवला होता. संध्याकाळी सातला भजनाला जायला लागली होती. टीव्हीसमोरची खुर्ची खिडकीपाशी नेली होती आणि आम्ही आल्या आल्या ती परत जागेवर सरकवली, तिला न विचारता! आम्ही प्रवास करून आलो म्हणून सगळे आम्हाला विचारतात, पण 23 दिवस घर एकटीने चालवलेल्या बाईला कुणी विचारलं नाही की तुझे दिवस कसे गेले. मीसुद्धा नाही. खुर्ची मी त्याच दिवशी परत खिडकीपाशी ठेवली.

खंडेनवमीला बाबांनी गाडी धुवायला काढली. मला हात लावू दिला नाही. बादल्या भरभरून चाकांच्या वरची माती काढत होते, आणि ती माती आपल्या मातीसारखी नव्हतीच, राखाडी, पिठासारखी. नंतर बॉनेट उघडून एअर फिल्टर काढला आणि फरशीवर हलकेच आपटला, तर बारीक धुळीची छोटी रास पडली. बाबा उकिडवे बसले, चिमटीत धूळ घेऊन दोन बोटांत चोळली, बराच वेळ. "पांगच्या पुढचं मैदान आहे हे," एवढंच म्हणाले आणि बादली ओतली. पाणी आमच्या गेटपर्यंत पांढरट ओघळ करत गेलं.

दसऱ्याला पूजा झाली, गाडीला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. पूजेनंतर गाडी एक चक्कर मारून आणायची असते, मी किल्ली घेतली, तर आई साडी सावरत म्हणाली, "मी येते, पुढं बसणार." बाबा काही न बोलता मागे जाऊन बसले. यवतेश्वरचा घाट चढायला लागलो, कासच्या दिशेने. फुलं संपत आली होती तरी मुंबई-पुण्याच्या गाड्या चाललेल्याच होत्या. एका वळणावर आई सीटवरच अर्धवट मागे वळली.

"अहो, तिकडं रस्ता कसा होता? सांगा ना नीट. मनालीपासून सांगा."

आल्यापासून हा प्रश्न कुणी असा विचारला नव्हता, मनालीपासून. आरशात बाबा दिसत होते. त्यांनी खिडकीची काच वर केली, घसा खाकरला, आणि दोन्ही सीटच्या मधून पुढे झुकले. "मनालीच्या पुढं एक बोगदा आहे बघ. अटल बोगदा. नऊ किलोमीटर, डोंगराच्या पोटातनं सरळ. अलीकडं झाडी आणि पलीकडं गेलं की डोंगर एकदम उघडे. आपल्या खंबाटकीच्या बोगद्यातनं मी हजार वेळा गाडी काढली असंल, पण हा..."

कासचा तलाव आला तरी बाबा बोगद्यातच होते, आत दिवे कसे आहेत, स्पीड किती ठेवायला लावतात, हिने गाडी कशी काढली. मी तलावापाशी इंडिकेटर देऊन कडेला घ्यायला लागले.

"थांबवू नको," आई म्हणाली. "जाऊ दे तशीच बामणोलीपर्यंत."