मान वाकडी नव्हती, डोळा मदत मागत होता

माझ्या लेकीचे, मनूचे जुने फोटो घेऊन या, असं डॉक्टरांनी सांगितलं. रात्री मी आणि हे मोबाइल घेऊन बसलो. जावळ, पहिला वाढदिवस, गणपतीत मोदकाचं ताट धरलेली, बालवाडीचं ओळखपत्र. एकूणएक फोटोत डोकं उजव्या खांद्याकडे कललेलं. इतकी वर्षं सगळे म्हणत होते, "किती लाडात येते फोटो काढताना!"

ती तीन वर्षांची असताना एका ठिकाणी सांगितलं होतं की मानेचा स्नायू आखडलाय. मग वर्षभर रोज सकाळ-संध्याकाळ मी तिची मान डावीकडे वळवून धरायची. ती रडायची. एकदा म्हणाली, "आई, असं केलं की दोन दोन दिसतात." मला वाटलं, व्यायाम टाळायला काहीतरी सांगतेय. ते वाक्य आठवलं की आजही पोटात तुटतं. तिने तेव्हाच आजार सांगितला होता. शाळेतल्या डोळे तपासणीतही काही निघालं नाही, कारण तक्त्यावरची अक्षरं ती नीट वाचत होती.

शेवटी पुण्याला लहान मुलांच्या तिरळेपणाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मानेला हातही लावला नाही. डावा डोळा पट्टीने झाकला आणि तिला खेळत बसवलं. थोड्या वेळाने माझ्या लेकीची मान सरळ झालेली! मी बघतच राहिले. मग त्यांनी तिचं डोकं हलकेच डाव्या खांद्याकडे झुकवलं, तसा डावा डोळा वर सरकला. पुढे प्रिझमच्या पट्टीने किती फरक पडतोय ते मोजलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून नंबर तपासला.

"आई, डोळा फिरवायला सहा स्नायू असतात," डॉक्टर म्हणाले. "चार सरळ, दोन तिरके. त्यातला वरचा तिरका स्नायू नाकाजवळच्या एका कप्पीतून वळून डोळ्याला जोडलेला असतो. रहाटावरून दोर जातो ना, तसा. हिचा तो दोर जन्मापासूनच सैल असावा." दोर सैल, म्हणून डावा डोळा वर राहतो आणि थोडा बाहेर फिरतो. डोकं उजवीकडे कललं की त्या स्नायूवरचं काम कमी होतं आणि दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळतात. मान कलती ठेवूनच तिने दोन्ही डोळ्यांनी एकत्र बघणं टिकवलं होतं. आणि मी रोज दोनदा तिचा तो आधार काढून घेत होते.

अमेरिकेतले डोळ्यांचे डॉक्टर हेल्व्हेस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली या कंडरेच्या, म्हणजे स्नायूच्या दोरासारख्या टोकाच्या, जन्मजात दोषांचे चार प्रकार मांडले, हेही आमच्या डॉक्टरांनी सांगितलं: सैल असणारी, भलत्याच जागी जोडलेली, डोळ्याला न जोडता भोवतीच्या आवरणातच संपणारी, आणि मुळातच नसलेली. हिचा प्रकार कोणता, ते भूल दिल्यावर डोळा चिमट्याने धरून, फिरवून बघितल्यावरच नक्की होणार होतं. चष्म्याने किंवा व्यायामाने दोर आखूड होत नाही, हेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केलं.

सासूबाईंचा जीव घाबरा झाला. "डोळा बाहेर काढतात म्हणे!" डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "नाही आजी, डोळा जागेवरच असतो. वरच्या पातळ पापुद्र्याला छोटी चीर देतो, बस."

ऑपरेशनच्या सकाळी उपाशीपोटी तिला आत नेलं. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, कंडरा होती, पण फार सैल. दुमडून टाके घातले. मी शिवणकाम करते. फ्रॉक सैल झाला की चूण घेते, तसंच हे, एवढं मला लगेच उमगलं.

डोळा बरेच दिवस लालभडक होता. टाके विरघळणारे होते. नाकाच्या बाजूला वर बघताना डोळा अडायचा. कंडरा घट्ट केल्यावर तसं होऊ शकतं, ही कल्पना आधीच दिलेली असल्याने आम्ही घाबरलो नाही. ते हळूहळू सुटत गेलं.

मान लगेच सरळ झाली नाही. इतक्या वर्षांची सवय. दमली की अजून थोडी कलते. पण "मान सरळ कर" असं आता घरात कुणी म्हणत नाही. मी फक्त विचारते, "मनू, किती दिसतात?" ती म्हणते, "एकच."